एकवीस पावलं

४ फेब्रुवारी

दादा,

पत्राला मायना हवा हे तू कान धरून शिकवलंस, म्हणून आधी नमस्कार. नाहीतर मी थेट भांडायलाच बसलो होतो. फोन करणार होतो, पण फोनवर आपण दोघं "बरंय ना?" "बरंय. बाकी काय?" याच्या पुढे कधी गेलेलो नाही.

या वर्षी तू आला नाहीस. पैसे घेऊन खेळायला लागून मला चौदा हंगाम झाले. दर वर्षी हंगामाच्या तोंडावर तू एक दिवसाची रजा काढून येतोस, क्रीजच्या रेघेला टाच लावतोस, एकवीस पावलं मागे चालतोस आणि खुंटी ठोकतोस. मग तेवढ्या मापाची दोरी कापून देतोस. ती वर्षभर माझ्या किटबॅगेत असते. जिथे जाईन तिथे दोरी टाकायची आणि रन-अपची खूण करायची. बाकीचे बॉलर फीत लावतात आणि मला हसतात. मी त्यांना सांगतो, आमचा दादा मोजणी खात्यात आहे, त्याचं पाऊल अडीच फूट, ना बोटभर जास्त ना बोटभर कमी. सरकारी माप आहे ते.

तर गेल्या वर्षीची दोरी हरवली. रंगकाम काढलं तेव्हा आमच्या ड्रेसिंग रूममधलं सामान कोणीतरी बाहेर टाकलं, त्यात ती गेली. आता मी अंदाजाने धावतोय आणि सराव शिबिरात नो-बॉल टाकतोय. काल एका ओव्हरमध्ये तीन. आमच्या कोचना पोरं पाठीमागे हेडमास्तर म्हणतात. ते छडीसारखा स्टंप घेऊन शेजारी उभे होते.

"छत्तीसचा झालास ना तू?"

"पस्तीस."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"छत्तीस."

"मग या वर्षी सहाव्या नंबरला बॅटिंग कर. बॉलिंगचं बघू."

दादा, तू क्रिकेट बघत नाहीस, तू फक्त मला टाकताना बघतोस. म्हणून समजावून सांगतो. सहाव्या नंबरचा, सत्तावीसच्या सरासरीचा बॅट्समन कोणताही संघ ठेवत नाही. डावाला दोन विकेटी काढणारा नुसता बॉलरही कोणी ठेवत नाही. या दोन बेताच्या माणसांना एकत्र बांधून माझा एक बरा माणूस झाला होता. पेपरवाले त्याला अष्टपैलू म्हणतात. (वहिनी म्हणतात, आठ पैलू आहेत तर त्यातला एखादा भांडी घासताना दाखवा.) गेल्या वर्षी एका पेपरने "एक ना धड, भाराभर चिंध्या" असंही छापलं. ते कात्रण मी तुला पाठवलं नव्हतं. पण खरं सांगतो, यातली बॉलिंग गेली तर मागे अर्धा खेळाडू उरणार नाही, काहीच उरणार नाही. मेअखेरीला नवे करार होतात. तोवर माझ्या हातात बॉल राहिला पाहिजे, एवढंच आहे.

एक दिवस ये. तेही जमत नसेल तर दोरी पाठव.

तुझा,
बारक्या

---

१३ फेब्रुवारी

चिरंजीव बारक्यास,

आशीर्वाद. सहा फुटी माणसाला बारक्या म्हणू नका असं तुझी वहिनी म्हणते. मी म्हणणार.

यायला जमणार नाही. कालव्याच्या कडेच्या जमिनींची मोजणी निघाली आहे. त्यातच दोन सख्ख्या भावांचा एका विहिरीवरून वाद आहे. ती विहीर दोघांच्या बांधावर बरोबर मधोमध येते. दोघंही मला रोज चहा पाजतात आणि दुसऱ्याच्या चहात साखर कमी असते असं सांगतात. साहेब रजा द्यायला तयार नाहीत.

दोरी सोबत पाठवली आहे. आज सकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत चालून मोजली. एकवीस पावलं. दोरी कोरडी आहे, ताणलेली नाही. ज्या टोकाला गाठ आहे तिथे खुंटी ठोक.

एक गोष्ट लक्षात ठेव. शिबिरातल्या अंदाजाची सवय आता तुझ्या पायांना लागली असेल. दोरी टाकल्यावर पाय म्हणतील, हे चुकलंय. त्यांचं ऐकू नकोस. मोजणीवर गेलो की शेतकरी मला नेहमी सांगतो, "साहेब, माझ्या डोळ्यांना माहीत आहे हद्द कुठे आहे." डोळे आपल्याला हवं तेच बघतात. मापाला काहीच नको असतं. दोरी आणि मन यांत फरक पडला तर दोरीचं खरं धर.

माझं ठीक चाललं आहे. सकाळी देवापुढे बसतो. गुडघे धरतात म्हणून हल्ली मांडी घालत नाही, खुर्ची घेतो. देवाला चालतं असं तुझी वहिनी म्हणते. तिला कोणी सांगितलं कोण जाणे.

दादा

---

११ मार्च

दादा,

पहिला सामना झाला. पेपरात वाचलं असशीलच, पण पेपरात आकडे असतात, तुला कसं झालं ते सांगतो.

दोरी आल्यापासून सरावात काहीतरी चुकत होतं. शेवटच्या दोन ढांगांत पाय अडखळायचे, जणू अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी. रेघेच्या पलीकडे पाय पडायचा. मला वाटलं, दादाने लिहिलंय तसंच आहे, पायांना वाईट सवय लागली आहे. दोरी कशाला खोटं बोलेल? मी रोज शंभर वेळा नुसता धावलो, बॉल न टाकता.

सामन्यात पहिल्या पाच ओव्हरमध्ये चार नो-बॉल. मग सहाव्या ओव्हरला त्यांच्या कॅप्टनची कड लागली. स्लिपमध्ये सोपा कॅच, छातीच्या उंचीवर. आमच्या स्लिपवाल्याने पकडला, बॉल हवेत उडवला, मी दोन्ही हात वर करून पळत सुटलो. आणि मागे वळून बघतो तर अंपायरचा हात आडवा, नो-बॉल. त्यांचा कॅप्टन तेव्हा नऊवर होता. त्याने एकशे त्रेचाळीस केले. आम्ही डावाने हरलो.

हेडमास्तर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "सकाळी चहा घेतलास का?" मी म्हटलं, घेतला. "मग उद्यापासून तेवढंच कर. चहा घे, बॅटिंग कर, स्लिपमध्ये उभा राहा. बॉलला हात लावायचा तो फक्त उचलून दुसऱ्याला द्यायला."

दोरीला मी दोष देत नाही. दोष पायांचा आहे. तुझं माप तेच आहे, माझे पाय म्हातारे झाले. तुला काही सुचत असेल तर लिही.

बारक्या

---

१९ मार्च

चिरंजीव बारक्यास,

पत्र दोनदा वाचलं.

तुझा दोष कुठे आहे ते मला इथे बसून दिसतं. आमच्याकडे पूर्वी लोखंडी साखळीने जमीन मोजत. साखळी वर्षानुवर्षं ओढली की कड्या सैल होतात आणि ती वीतभर लांब होते. धरणाऱ्याला कळत नाही. तो म्हणतो, साखळी तीच आहे. म्हणून चांगला मोजणीदार दर महिन्याला साखळी दगडावरच्या खुणांना लावून तपासतो. तुझं तसंच झालं आहे. तुला जागा जाण्याची भीती वाटते, म्हणून जोर लावतोस, शेवटच्या ढांगा लांब टाकतोस आणि रेघ ओलांडतोस. भीतीने कड्या सैल झाल्या आहेत.

दुसऱ्याच्या हद्दीचा दगड हलवण्याआधी स्वतःची साखळी तपासावी. हे मी पोरांना, शिकाऊंना आणि एकदा साहेबांनाही सांगितलं आहे.

नामस्मरण कर असं सांगणार होतो, पण तू हसशील. धावायला लागण्याआधी एक खोल श्वास घे, एवढं तरी कर. तेही नामच आहे.

दादा

---

३० मार्च

दादा,

आमच्या मैदानाची देखभाल करणारा म्हातारा आहे, त्याला आम्ही माळी म्हणतो. तो तीस वर्षं खेळपट्ट्या करतोय. काल मी एकटाच धावायचा सराव करत होतो, तेव्हा तो माझ्या खुणेवर चुना मारायला आला आणि थबकला. म्हणाला, "साहेब, यंदा जवळून धावता का?" मी म्हटलं, नाही, तेवढंच, एकवीस पावलं. त्याने खिशातून एक वही काढली. प्रत्येक बॉलरची खूण कुठे मारायची याची त्याच्याकडे नोंद असते. माझ्या नावापुढे गेल्या तीन वर्षांचा एकच आकडा होता, साडेबावन्न फूट. मग आम्ही दोघांनी तुझी दोरी फितीला लावली.

एकोणपन्नास फूट.

मी दोनदा मोजली, माळ्याने एकदा. साडेतीन फूट कमी. एकवीस पावलांत साडेतीन फूट म्हणजे पावलामागे दोन इंच. हा हिशोब करायला मला मोजणी खातं लागलं नाही.

दादा, दुसरा कोणी असता तर म्हटलं असतं, घाईत चुकला. तू सव्वीस वर्षांत घाईत चुकलेला नाहीस. तुझं पाऊल दोन इंचांनी का कमी झालं? गुडघ्याचं कारण सांगू नकोस. काय लपवतो आहेस?

बारक्या

---

६ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी घरीच होते. ह्यांनी ते वाचलं, घडी घातली, चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि कचेरीतली फीत घेऊन मागे गेले. खूप वेळ आले नाहीत. मला घातलेली शपथ त्यांनी स्वतःहून सोडवलेली नाही, पण आता ती पाळण्यात अर्थ नाही. मोडल्याचं पाप माझ्या नावावर.

नोव्हेंबरात मोजणीवर असताना बुटात खिळा वर आला होता. साखरेच्या दुखण्यामुळे पायाला कळलंच नाही. दोन दिवस तसेच चालले. जखम चिघळली. डिसेंबरात उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली. दीड महिना पलंगावर होते. तुम्हाला कळवू म्हटलं तर म्हणाले, "त्याचा हंगाम तोंडावर आहे. त्याला कळलं तर तो माझ्या पायाकडे बघत धावेल." कालव्याची मोजणी वगैरे काही नाही. विहिरीचं भांडण खरं आहे, पण ते गेल्या वर्षीचं.

तुमचं दोरीचं पत्र आलं त्या वेळी डॉक्टरांनी घरातल्या घरात चालायची परवानगी नुकती दिली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी आतून कापूस भरलेला नवा बूट घातला आणि मागे जाऊन उभे राहिले. दोरीचं टोक मी धरलं. मी म्हटलं, "अहो, अडीच फूट गुणिले एकवीस. साडेबावन्न. फितीने मोजा आणि कापा दोरी." तर म्हणाले, "फितीनेच मोजायचं तर त्याला माझी काय गरज?"

सोळाव्या पावलाला तोल गेला आणि खाली बसले. मी धावले. ओरडले माझ्यावर, "हात लावू नकोस, माप बिघडेल." उठले आणि परत पहिल्यापासून मोजलं. पूर्ण केलं. त्यांचा चेहरा मी लग्नात पाहिला नव्हता एवढा खूश होता. म्हणाले, "बघ, काही फरक नाही पडला."

मला दिसत होतं भाऊजी, पाऊल आखूड पडत होतं. मी बोलले नाही. दोरी माझ्या हातात होती, मी बोलायला हवं होतं. तुमचा तो कॅच वाया गेला त्यात माझाही वाटा आहे.

साहेब चांगले आहेत. त्यांनी ह्यांना नकाशांच्या खोलीत बसायला सांगितलं आहे. हे ऐकत नाहीत. म्हणतात, मी चालणारा माणूस आहे.

तुम्ही रागावून लिहू नका आणि रडूनही लिहू नका. दोन्ही त्यांना सोसत नाही.

तुमची,
वहिनी

---

८ एप्रिल

प्रति,
माननीय प्रशिक्षक महोदय यांस,

विषय : एकवीस पावलांच्या मापात माझ्याकडून झालेल्या चुकीबाबत.

महोदय,

खाली सही करणार मोजणी खात्यात सव्वीस वर्षं नोकरीस असून आपल्या संघातील एका अष्टपैलू खेळाडूचा थोरला भाऊ आहे. सदर खेळाडूचा रन-अप दर वर्षी मी पावलांनी मोजून देतो. माझ्या पावलाची लांबी दोन फूट सहा इंच होती. डिसेंबरात उजव्या पायावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर ती दोन फूट चार इंच झाली. (दहा वेळा मोजून खात्री केली आहे.) हे ध्यानात न घेता मी एकोणपन्नास फुटांची दोरी साडेबावन्न फुटांची समजून पाठवली. सबब पहिल्या सामन्यात त्याच्याकडून जे नो-बॉल पडले त्यांची, तसेच सुटलेल्या विकेटीची जबाबदारी त्याची नसून सर्वस्वी माझी आहे.

उलट त्याच्या पायांना चूक कळत होती. त्याने त्यांचं न ऐकता माझ्या मापाचं ऐकलं. तसं करायला मीच लेखी कळवलं होतं.

तरी चुकीच्या मापावर आधारलेला आपला निर्णय रद्द करून त्यास पूर्ववत गोलंदाजी द्यावी, ही विनंती.

हे पत्र त्याला माहीत नाही.

आपला,
(मोजणीदार)

---

२० एप्रिल

मोजणीदार साहेब,

आपलं पत्र मिळालं. तीस वर्षांत मला खेळाडूंच्या बापांची, सासऱ्यांची आणि एका आमदाराची पत्रं आली आहेत. सगळ्यांत चूक माझी असायची. चूक स्वतःची आहे असं सांगणारं हे पहिलंच पत्र, म्हणून उत्तर देतो. एरवी देत नाही.

आपल्या पायाचं वाचून वाईट वाटलं. काळजी घ्या.

पण निर्णय रद्द करणार नाही. कारण ऐका. आपण दोन इंच चुकलात हे खरं. पण तो महिनाभर त्या दोरीवर धावला, पाय अडखळत होते, तरी त्याने फीत काढून दोरी मोजली नाही. ते काम माझ्या माळ्याला करावं लागलं. छत्तीस वर्षांच्या माणसाला स्वतःचा रन-अप भावाला विचारून कळत असेल, तर उद्या नवव्या विकेटीला दोन रन हवे असताना तो कोणाला विचारणार?

त्याला मी सांगितलं आहे. ज्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी मोजून खूण करील त्या दिवशी मी त्याला बॉल देईन. दोरीच्या मापाने नाही आणि फितीने साडेबावन्न मोजूनही नाही. ते माप आपलंच आहे, मग ते कशानेही मोजा.

तो माझ्याशी आठ दिवस बोलत नाही. बॅटिंग मात्र सुधारली आहे.

कळावे.

---

२ जून

दादा,

एप्रिलच्या शेवटी दोन दिवस घरी आलो होतो तेव्हा तू बूट काढला नाहीस आणि मी विचारलं नाही. दोन्ही दिवस आपण पंख्याच्या आवाजाबद्दल बोललो. निघताना तू म्हणालास, "बाकी काय?" मी म्हटलं, "काही नाही." आता बाकी काय ते लिहितो.

हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून तुझं पत्र माझ्या पुढे केलं होतं. आधी तुझा राग आला. लहान पोराची शाळेत चूक झाली की घरून चिठ्ठी येते, तसं वाटलं. मग "दहा वेळा मोजून खात्री केली आहे" या ओळीपाशी आलो आणि पुढचं वाचता येईना. त्यांनी पाण्याचा पेला सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मग त्यांची अट सांगितली. मी म्हटलं, नाही. वीस वर्षं मी दादाच्या पावलांनी धावलो, दादाचा पाय तसा झालेला असताना मी ते माप टाकून देऊ? तेवढ्यासाठी जागा गेली तर जाऊ दे.

दुसऱ्या दिवसापासून मी हट्टाने माळ्याकडून फितीने साडेबावन्न फूट मोजून घेतले आणि एकटाच टाकू लागलो. मनात होतं, रेघ ओलांडली नाही की त्यांना दाखवीन. नो-बॉल एकही पडला नाही. पण बॉलमध्ये जीवच नव्हता. क्रीजवर पोचेपर्यंत मी दमलेला असायचो. माळी चार दिवस बघत होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "साहेब, ही धाव तुमची नाही. एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराची वाटते." मग त्याने मला उलटं पळायला लावलं. क्रीजवर उभं राहायचं, पाठ स्टंपांकडे, डोळे समोर, मोजायचं नाही, नुसतं धावायचं आणि जिथे आपोआप हात फिरेल तिथे फिरवायचा. तो मागून येऊन पाय पडला तिथे काडी रोवायचा. तीस वेळा धावलो. सगळ्या काड्या हातभर जागेत. मधल्या काडीपासून मी रेघेपर्यंत चालत आलो. सतरा पावलं. माझी. फितीने चव्वेचाळीस फूट.

म्हणजे तुझी चुकलेली दोरीसुद्धा मला लांब होती, दादा. माझं पाऊल तुझ्यापेक्षा बोटभर मोठं आहे, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं.

तुला आधी विचारायला हवं होतं. पत्र लिहायला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, त्यात मे महिना गेला. शेवटचा सामना शनिवारी होता. शुक्रवारी संध्याकाळी मी हेडमास्तरांना म्हटलं, "चला, बघा." ते आले, मी सतरा पावलं चाललो, खूण केली, सहा बॉल टाकले. ते म्हणाले, "वेग कमी झाला." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "पण पडतोय बरोबर तिथे." एवढंच.

शनिवारी त्यांनी मला लंचनंतर बॉल दिला. एकोणीस ओव्हर, एकेचाळीस रन, तीन विकेटी. नो-बॉल नाही. बॅटिंगला चौतीस केले, मग विसराळूपणाने धावचीत झालो. सामना अनिर्णित. सोमवारी करार झाला. एकाच वर्षाचा आहे. पण त्यात "अष्टपैलू" असा शब्द आहे, मी सही करण्याआधी दोनदा बघितला.

मला आनंद झाला, आणि झाल्याबरोबर वाटलं, मी तुझ्यापासून काहीतरी काढून घेतलं. सामन्याच्या दिवशी खूण करताना मी आजूबाजूला बघत होतो, चोरासारखा. तुला न विचारता केलं. रागव, पण लिही.

बारक्या

---

११ जून

चिरंजीव बारक्यास,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी नकाशांच्या खोलीत पहिल्यांदा बसलो होतो. आता तिथेच बसतो. साहेब तीन महिने सांगत होते. खोलीला एक खिडकी आहे आणि नकाशे जुने, कापडावरचे आहेत. माझ्याआधीच्या लोकांनी चालून काढलेले. सकाळपासून एक नकाशा बघत होतो. त्या मोजणीदाराची पावलं कशी असतील, कोण जाणे. त्याने आखलेली हद्द मात्र अजून जागेवर आहे. तो कुठे गेला ते देवाला ठाऊक.

तुझ्या वहिनीला पत्र मोठ्याने वाचायला लावलं. "पंख्याच्या आवाजाबद्दल" इथे ती हसली आणि पुढे "चोरासारखा" इथे थांबली. मला म्हणाली, "आता तुम्ही काही शहाणपण लिहू नका." म्हणून साखळीबद्दल काही लिहीत नाही. त्या पत्रात मी साखळी तपासायला सांगितली आणि तपासायची राहिली होती ती माझी. एवढंच लिहून ते संपवतो.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहून गेली. एकवीसच का, हे तू कधी विचारलं नाहीस. तुला वाटत असेल, दादाने काही हिशोब केला असेल. तू पंधरा वर्षांचा होतास. शाळेच्या मैदानावर मी क्रीजपासून मागे चालत गेलो. तू म्हणत होतास, अजून मागे, अजून मागे. बाविसाव्या पावलाला शाळेची भिंत होती. म्हणून एकवीस. भिंत तिकडे असती तर तीस झाली असती, इकडे असती तर पंधरा. त्या भिंतीला धरून तू वीस वर्षं धावलास आणि मी वीस वर्षं रजा काढून ती भिंत गावोगाव नेऊन ठेवत होतो. मला हे माहीत होतं. सांगितलं नाही, कारण वर्षातून एक दिवस मैदानावर सगळ्यांसमोर मी चालायचो आणि तू एका बाजूला गप्प उभा राहून बघायचास. तो दिवस मला हवा होता. मापाला काही नको असतं असं मी तुला लिहिलं होतं. मोजणाऱ्याला हवं असतं.

तू काढून घेतलं असं काही नाही. रागवायला बसलो तर राग सापडला नाही.

आमच्या खात्यात नवी मोजणी झाली की शेजारच्या खातेदाराला बोलावतात. खुणा दाखवतात, माप वाचून दाखवतात आणि कागदावर त्याची सही घेतात. त्याशिवाय ती हद्द पक्की होत नाही. तू मापं सगळी लिहिली आहेस, साक्षीदार म्हणून माळी आहे. शेजारी मी. चव्वेचाळीस फूट, पावलं सतरा, मोजणार स्वतः. वाचलं, समजलं.

हरकत नाही.

दादा